अग्नीचा काठ

सोनोग्राफीच्या पडद्यावर यकृत पाहायचे तर आधी त्याच्या करड्या रंगाशी ओळख करून घ्यावी. घाईने पाहणाऱ्याला तो नुसता धुरकट वाटतो. पण डोळा जरा स्थिरावला की ध्यानात येते, हा करडेपणा अतिशय बारीक आणि एकसारख्या कणांचा आहे, आणि त्यातून काळ्याभोर वाटा वळणे घेत, फाटे फोडत गेल्या आहेत. त्या वाटा म्हणजे रक्तवाहिन्या. वाहत्या रक्तातून प्रतिध्वनी फारसा परतत नाही, म्हणून त्या काळ्या. त्यांतही दोन जाती आहेत: आतड्यांकडून रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेच्या फांद्यांना उजळ किनार असते, तर यकृतातले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या शिरा जवळजवळ बिनकिनारीच्या असतात. या सगळ्यावर श्वासपटलाची एक तेजस्वी कमान, आणि ती प्रत्येक श्वासाबरोबर हलकेच खालीवर होते. हे चित्र उजेडाने काढलेले नाही. सेकंदाला पन्नास लाखांच्या घरात कंपने असलेला, आपल्या कानांना कधीच न ऐकू येणारा ध्वनी शरीरात सोडायचा, तो ताशी नव्हे तर सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने आत जातो, जिथे पोत बदलतो तिथून थोडा थोडा परततो, आणि त्या परतीच्या वेळांवरून हा करडा प्रदेश रेखला जातो. गेलेल्या आवाजाचे नव्हे, परत आलेल्या आवाजाचे हे चित्र आहे, एवढे मनाशी धरले तरी पाहण्याची गोडी वाढते.

मुलांच्या यकृतात पुन्हा उद्भवलेली गाठ प्रतिमेच्या मार्गदर्शनाने, सुईवाटे उष्णता देऊन जाळण्याचा एक उपचार आहे. वैद्यकीय अध्यापनासाठी अशा उपचारांच्या चित्रफिती केलेल्या असतात. तशी एखादी फीत आपण आवाज बंद करून, मधेमधे थांबवत, सावकाश पाहू. उपचार योग्य की अयोग्य हे ठरवणे तज्ज्ञांचे काम, ते त्यांनी करावे. आपल्याला त्या कृतीचे सौष्ठव न्याहाळायचे आहे. माझ्यापुरते सांगायचे तर मला या साऱ्या प्रकारात अग्नीपेक्षा अग्नीचा काठ अधिक मोहवतो. जाळणे ही काही फार मोठी विद्या नव्हे. जाळणे कुठे थांबवायचे, ही विद्या आहे.

करड्या प्रदेशात एके ठिकाणी पोत बदललेला दिसतो. सुपारीएवढा, कधी त्याहूनही लहान असा एक गोलसर भाग, भोवतालापेक्षा किंचित गडद किंवा किंचित उजळ. नवख्या नजरेला तो सापडतही नाही; जाणत्याला मात्र रक्तवाहिनीची एखादी बारीक फांदी तिथे उगाच बाजूला सरकलेली दिसते आणि तेवढ्यावरून संशय येतो. ही गाठ पहिली नव्हे, हे आपण लक्षात ठेवायला हवे. हेपॅटोब्लास्टोमा हा बालकांच्या यकृताचा सर्वाधिक आढळणारा कर्करोग, आणि तरीही दुर्मीळच: दर दहा लाख मुलांमागे वर्षाला एखाददुसरे मूल. बहुतेक मुले तीन वर्षांच्या आतली. फितीतल्या मुलाने सिस्प्लॅटिनसारख्या औषधांच्या केमोच्या फेऱ्या सोसल्या आहेत, यकृताचा मोठा हिस्सा शल्यविशारदांनी काढून टाकला आहे, उरलेले यकृत पुन्हा वाढून आपली जागा भरून बसले आहे. म्हणजे पडद्यावर दिसणारे यकृत हे जन्मजात यकृत नव्हेच, ते दुसऱ्यांदा घडलेले यकृत आहे; त्याच्या शिरा पाठ्यपुस्तकातल्या जागी नाहीत, वळणे बदललेली आहेत. मधल्या काळात रक्तातल्या अल्फा-फीटोप्रोटीन नावाच्या प्रथिनाचा आकडा दर भेटीला मोजला जात होता. सुमारे नव्वद टक्के मुलांत हा रोग तो आकडा चढवतो, उपचार तो उतरवतात. उतरलेला आकडा पुन्हा चढू लागला म्हणून हा शोध सुरू झाला, आणि करड्या कणांत ही सुपारी सापडली.

मी हे वाचन वावरच्या बाजूने करतो आहे, त्याला कारण आहे. जव्हार तालुक्यातले वावर हे गाव महाराष्ट्राला कळले ते एका दुःखाने. १९९२-९३ साली वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके कुपोषणाने दगावली. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा व्हायला २०१४ चा ऑगस्ट उजाडावा लागला. तेव्हापासून वावर म्हटले की राज्याच्या डोळ्यांसमोर हडकुळे हातपाय आणि मोठे पोट असलेले मूल उभे राहते. आता या चित्रातले ते मोठे पोट पाहा. हेपॅटोब्लास्टोमाचे पहिले लक्षणही बहुधा तेच असते: पोट मोठे दिसते, दुखत नाही, अंघोळ घालताना आईच्या हाताला उजवीकडे काहीतरी कठीण लागते. शहरात हे लक्षण चटकन नजरेत भरते. पण जिथे पोट मोठे असण्याला जंत हे कारण आहे, हिवतापाने वाढलेली प्लीहा हे कारण आहे, अपुऱ्या आहाराने आलेली सूज हेही कारण आहे, तिथे मोठ्या पोटांच्या गर्दीत एक वेगळे पोट ओळखायचे कसे?

ओळखायचे हाताने. आणि इथे पुन्हा काठ आला. बालरुग्ण तपासणारा वैद्य पोटावर तळहात ठेवून, बोटांच्या कडेने, खालून वर येत यकृताची खालची कड शोधतो. लहान मुलांचे यकृत अंगाच्या मानाने मोठेच असते. नवजात बालकात ते वजनाच्या चार-पाच टक्के भरते, प्रौढात दोनच टक्के. म्हणून दोन वर्षांच्या मुलाची यकृताची कड बरगडीखाली एक-दोन सेंटीमीटर लागली तर त्यात वावगे काही नाही. ती मऊ असते, धारेला किंचित तीक्ष्ण असते, श्वास घेतला की बोटाला येऊन भिडते आणि निसटते. गाठीने भरलेल्या यकृताची कड बोथट, खडबडीत, हट्टी असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन सहा वर्षांपर्यंतची मुले तपासतात. एखाद्या पाड्यावरच्या अंगणवाडीत, बाहेर पाऊस लागलेला असताना, रडणाऱ्या मुलाच्या पोटावर ऊब आणलेला हात ठेवून त्याने रडणे थांबवून श्वास घ्यायची वाट पाहणे, हे पडद्यावरच्या साऱ्या प्रतिमांच्या आधीचे प्रतिमावाचन आहे. मला ते कमी प्रतीचे वाटत नाही. खरे तर पुढच्या साऱ्या यंत्रांचे भवितव्य या बोटांवर टांगलेले असते.

ते बोट अडखळले, की पुढची वाट मोठी. जव्हारहून परळ सुमारे दीडशे किलोमीटर. तिथे १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आहे. गावाकडे त्याला कुणी स्मारक म्हणत नाही. 'टाटाला नेलंय' एवढ्यात सगळे समजते. तिथल्या बालशल्यविशारदांनी, डॉ. साजिद कुरेशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मुलांच्या यकृतातल्या गाठी काढण्याचा आपला दीर्घ अनुभव नोंदवून ठेवला आहे, आणि यकृतातल्या गाठी सुईने जाळण्याचे कामही तिथे चालते. पण गाठ परतली की शस्त्रक्रियेचे गणित बदलते. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर पोटातले अवयव एकमेकांना चिकटलेले असतात. उरलेल्या यकृतातून पुन्हा मोठा तुकडा काढणे मुलाला झेपेलच असे नाही. केमोतले सिस्प्लॅटिन कानांवर आणि डॉक्सोरुबिसिन हृदयावर आपला हिशेब आधीच लिहून बसलेले असते. यकृताचे प्रत्यारोपण हा मार्ग आहे, पण तो सर्वांना मिळत नाही. शस्त्रक्रिया शक्य असेल तर तीच पहिली, यात वैद्यांचे दुमत नाही. ती अवघड असेल, आणि गाठी थोड्या व लहान, साधारण तीन सेंटीमीटरच्या आत असतील, तर सुई.

ती सुई आता पडद्यावर येते. फितीतला हा क्षण थांबवून पाहण्याजोगा आहे. सुई प्रत्यक्षात गोल, घन, दीड-दोन मिलिमीटर जाडीची. पण पडद्यावर ती दिसते एका तेजस्वी रेषेसारखी, आणि तीही पोटावर टेकवलेल्या, ध्वनी सोडणाऱ्या प्रोबच्या प्रतलात तंतोतंत असेल तरच. अंशभर कलली की रेषा तुटते, टोक हरवते, मागचा भाग दिसत राहतो आणि पाहणाऱ्याला तेच टोक वाटते. या भ्रमात कितीतरी अनर्थ दडलेले आहेत. म्हणून जाणता वैद्य सुई पुढे ढकलण्याआधी प्रोब सूक्ष्म हलवून टोकाची खात्री करतो. त्याचा एक हात चित्र धरून असतो, दुसरा हात चित्रातली वस्तू हलवत असतो, आणि दोघांची समजूत एका प्रतलात जुळावी लागते. रेषा बरगड्यांच्या मधल्या फटीतून आत शिरते, यकृताचा थोडा निरोगी भाग मुद्दाम पार करते, म्हणजे बाहेर काढताना तो भाग छिद्र दाबून धरील, काळ्या वाटा टाळते, आणि गाठीच्या मध्यातून पलीकडच्या कडेपर्यंत जाऊन थांबते. किती मंद, किती निश्चित! इथे कुणी शूर दिसत नाही, आणि ते बरेच आहे.

आणि त्या वेळी श्वासपटलाची ती तेजस्वी कमान निश्चल झालेली असते. मोठ्या माणसाला 'श्वास धरा' म्हणता येते. दोन वर्षांच्या मुलाला कोण सांगणार? ते पूर्ण भुलीखाली आहे, त्याचा श्वास यंत्राच्या हाती आहे, आणि भूलतज्ज्ञ त्या यंत्राला काही सेकंद थांबवतो. तेवढ्यात सुई दोन-तीन सेंटीमीटर पुढे जाते. पुन्हा श्वास चालू, कमान हलू लागते, तिच्याबरोबर यकृत आणि यकृताबरोबर सुईही डोलू लागते. फितीत भूलतज्ज्ञाचा चेहरा कधी दिसत नाही. माझ्या मते या साऱ्या चित्रातले सर्वांत नाजूक रेखाटन त्याचेच आहे.

आता अग्नी. त्याला ज्वाला नाही, धूर नाही, सुईचे टोकही तापवून आत घातलेले नाही. १८९१ च्या सुमारास आर्सेन दार्सोनव्हाल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की विजेचा प्रवाह सेकंदाला दहा हजारांहून अधिक वेळा दिशा बदलू लागला तर तो शरीरातून जाताना स्नायूंना झटका देत नाही, फक्त ऊब देतो. शंभर वर्षांनी, १९९० मध्ये, इटलीत रोस्सी आणि अमेरिकेत मॅकगहन यांच्या चमूंनी स्वतंत्रपणे तो प्रवाह सुईवाटे यकृतात नेऊन पाहिला. आज या उपचारात प्रवाह सेकंदाला चार-पाच लाख वेळा दिशा पालटतो. सुईच्या टोकाभोवतीचे विद्युतभारित कण त्याच्यामागे धावू पाहतात, दिशा बदलली की उलटे धावतात, आणि त्या कणांच्या घर्षणातून तिथली पेशीच स्वतः तापते. म्हणजे सुई फक्त निमित्त. ज्या पेशींना जळायचे आहे त्यांच्याच अंगात अग्नी उत्पन्न होतो. पन्नास अंशांना काही मिनिटांत, साठच्या पुढे जवळपास तत्क्षणी, पेशींतली प्रथिने गोठतात आणि ती पेशी पुन्हा उठत नाही.

या तापमानाच्या शिडीत एक पायरी फार रसाळ आहे. कुणी अधीर होऊन शक्ती एकदम वाढवली, तापमान शंभराच्या पुढे गेले, तर पेशींतले पाणी उकळते, सुईभोवती कोळशाचा पातळ थर धरतो, आणि तो थर विजेला पुढे जाऊ देत नाही. आगीनेच आगीची वाट अडवली! गाठीचा मध्य करपून कोळसा आणि कडेच्या पेशी सुखरूप, अशी विपरीत गत. म्हणून साठ ते शंभर या पट्ट्यात, चढत्या पण आवरलेल्या शक्तीने, आठ-दहा-बारा मिनिटे बसून राहावे लागते. यंत्रावर आकडे चढतात, प्रवाहाला होणारा विरोध वाढला की यंत्र स्वतःच हात आखडता घेते, पुन्हा हळूहळू वाढवते. फितीत ही मिनिटे बहुतेक कापलेली असतात. ती कापू नयेत असे मला वाटते. सबुरी पाहायला मिळणे दुर्मीळ झाले आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात बारावा अध्याय अग्निकर्माचा आहे, आणि या फितीशेजारी तो ठेवून वाचण्यात मोठा आनंद आहे. सुश्रुत अग्नीला क्षारापेक्षा श्रेष्ठ मानतो, त्याचे एक कारण असे देतो, की अग्नीने जाळलेला रोग पुन्हा उद्भवत नाही. पुन्हा उद्भवलेल्या गाठीसाठी अग्नी हाती घेणाऱ्या आजच्या वैद्याला हे वाचून हसू येईल आणि हेवाही वाटेल. तो दहनाच्या आकृत्या सांगतो, त्यांत वलय आहे आणि बिंदू आहे. साधनांत शलाका आहे. दग्धाचे चार प्रकार करतो: नुसते होरपळलेले, वाईट भाजलेले, नीट जळलेले आणि अति जळलेले, आणि नीट जळलेल्याची खूण सांगताना तो खोलीचा, रंगाचा, जागी बसण्याचा असा बारकावा देतो की वाटावे, याने हे किती वेळा डोळ्यांनी पाहिले असेल. पण तोच सुश्रुत अग्निकर्म कुणावर करू नये याचीही यादी देतो, आणि तीत दुर्बल आहे, भित्रा आहे, आणि स्पष्ट शब्दांत बालक आहे. या निषेधाबद्दल मला फार आदर आहे. बालकाला भूल देता येत नव्हती, आतला अवयव दिसत नव्हता, अग्नीची कड मोजता येत नव्हती. अशा वेळी बालकापाशी अग्नी नेऊ नये एवढे कळणे हीसुद्धा विद्याच. ती विद्या सर्वत्र पोचली नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या मुलाला तापवलेल्या सळईने डागण्याचा डम्मा नावाचा प्रकार आहे, आणि त्याच्या बातम्या अजून येतात. डागणाऱ्याला मुलाचे वाईट व्हावे असे कधीच वाटत नसते, हे मान्य करून पुढे जाऊ.

कडेचे शास्त्र समजून घ्यायला मात्र वावर, जव्हार, मोखाडा हा मुलूखच उपयोगी पडतो, कारण मर्यादेतला अग्नी इथल्या माणसाला ग्रंथातून शिकावा लागत नाही. उन्हाळ्यात इथे राब भाजतात. जिथे नाचणीचे, वरईचे, भाताचे रोप करायचे तेवढ्याच तुकड्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर अंथरतात, वर मातीचा पातळ हात फिरवतात, वारा पडलेला पाहून, वाऱ्याच्या उलट्या अंगाने पेटवतात, म्हणजे आग धावत नाही, चरत चरत जाते. तण आणि त्याचे बी मरावे, इतकी ती खाली उतरली पाहिजे. बांध ओलांडून पलीकडच्या गवतात गेली तर घात. आणि अनुभवी माणूस रोपाला लागेल तेवढ्याच जागेवर भाजत नाही, चहूबाजूंनी हातभर अधिक भाजतो, कारण तण कडेने आत येते.

यकृतातही तेच, फक्त हातभराऐवजी मिलिमीटर. गाठीची दिसणारी कड ही तिची खरी कड नव्हे. बाहेर पाच-दहा मिलिमीटरपर्यंत न दिसणाऱ्या पेशी पसरलेल्या असू शकतात, म्हणून तेवढी निरोगी पट्टीही जाळावी लागते. आता थोडे गणित करू, कारण या गणितात सौंदर्य आहे. दोन सेंटीमीटर व्यासाची गोल गाठ म्हणजे सुमारे चार घन सेंटीमीटर. तिच्या चहूबाजूंनी एक सेंटीमीटर पट्टी धरली की व्यास चार सेंटीमीटर होतो, आणि घनफळ तेहतीसच्या पुढे जाते. म्हणजे गाठीच्या आठपट! जाळल्या जाणाऱ्या आठ भागांपैकी एकच भाग रोगाचा आणि सात भाग केवळ काठाचे. प्रौढाच्या दीड किलोच्या यकृताला हा खर्च जाणवत नाही. शस्त्रक्रियेतून सावरलेल्या बालकाच्या यकृताला तो जाणवतो. म्हणून इथे वैद्य प्रत्येक मिलिमीटरसाठी घासाघीस करतो, एका अंगाने अर्धा सेंटीमीटर, दुसऱ्या अंगाने थोडे अधिक, जिथे मोठी वाहिनी आहे तिथे वेगळा विचार.

वाहिनीचा विचार तर स्वतंत्र रसास्वादाचा विषय आहे. त्या काळ्या वाटांतून सदतीस अंशांचे रक्त अखंड वाहते, आणि तीन मिलिमीटरहून मोठ्या वाटेचे रक्त जवळची उष्णता घेऊन चालते होते. त्यामुळे वाहिनीची भिंत वाचते. आणि त्याच न्यायाने भिंतीला लगटून बसलेली रोगाची पेशीही वाचते. एकाच प्रवाहाचे हे दोन पैलू आहेत, एक कृपेचा आणि एक दगा देणारा, आणि ते वेगळे करता येत नाहीत. पित्तनलिकांना मात्र हे संरक्षण नाही, त्यांतला प्रवाह मंद आहे. म्हणून त्या जिथे एकत्र येतात त्या यकृताच्या द्वाराजवळ जाणता वैद्य अग्नी नेतच नाही.

आणि पाणी! गाठ यकृताच्या पृष्ठाशी असेल, पलीकडे आतड्याचे वेटोळे किंवा श्वासपटल टेकलेले असेल, तर दोघांच्या मध्ये एक बारीक सुई घालून द्रव सोडतात. पडद्यावर एक काळी चंद्रकोर उमटते, रुंद होत जाते, आणि आतडे अलगद दूर सरकते. हा द्रव सलाईन नसतो. सलाईनमध्ये मीठ असते, मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, म्हणजे रक्षणाला आणलेलेच आगीला वाट करून देईल. म्हणून साखरेचे पाणी, पाच टक्के डेक्स्ट्रोज. इतकी साधी वस्तू, आणि किती विचाराने निवडलेली.

उष्णता सुरू झाली की चित्र बिघडते. पेशींतून सूक्ष्म वायूचे बुडबुडे निघतात, त्यांवर ध्वनी जोरात आदळून परततो, आणि सुईच्या टोकाभोवती पांढराशुभ्र ढग फुलू लागतो. फितीतले हे सर्वांत देखणे दृश्य, आणि सर्वांत फसवेही. ढगाची कड म्हणजे दहनाची कड नव्हे. तो कधी अधिक पसरतो, कधी कमी, आणि आपल्या मागचे सगळे झाकतो. ज्या प्रतिमेने हात धरून इथवर आणले तीच नेमक्या वेळी डोळ्यांवर पडदा ओढते. वैद्य मग प्रतिमेवर विसंबत नाही. मिनिटे, शक्ती आणि आधी मोजलेली अंतरे यांवर विसंबतो. सुई बाहेर काढतानाही ती तापलेली ठेवून, वाट जाळत जाळत, हळू काढतात, म्हणजे रक्त येत नाही आणि एखादी पेशी सुईला चिकटून बाहेर रुजत नाही. ढग विरल्यावर शिरेतून रक्तप्रवाह उठून दाखवणारे कॉन्ट्रास्ट द्रव्य देऊन पुन्हा पाहतात: जिथे रक्त पोचत नाही तो भाग काळा, निःशब्द. तो गाठीपेक्षा सर्व बाजूंनी मोठा हवा. त्याच्या भोवती पहिल्या काही आठवड्यांत एक पातळ, समान उजळ कडे दिसते. ते भाजलेल्या कडेचे स्वाभाविक लालसरपण, त्याला भ्यायचे नाही. कडे एखाद्या ठिकाणी जाड, गाठाळ, आतल्या बाजूला झुकलेले दिसले तर मात्र तिथे काहीतरी उरले आहे. सुश्रुताची ती वलयाची आकृती इथे अशी भेटते.

या उपचाराची पुंजी अजून लहान आहे, हेही पाहणाऱ्याने जाणून असावे. मुलांमध्ये सुईच्या अग्नीचा रुळलेला उपयोग हाडांतल्या ऑस्टिऑइड ऑस्टिओमा या छोट्या, रात्री ठणकणाऱ्या गाठीसाठी आहे, १९९२ पासूनचा. परतलेल्या हेपॅटोब्लास्टोमासाठी त्याचे अनुभव थोडे. २०१५ साली चीनमधल्या ग्वांगझो इथल्या वैद्यांनी नोंद प्रसिद्ध केली ती मोजक्या मुलांची. त्यातही या विजेच्या सुईपेक्षा मला मायक्रोवेव्ह सुई मुलांसाठी अधिक सोयीची वाटते. विजेच्या प्रवाहाला बाहेर पडायला मांड्यांवर चिकटपट्ट्या लावाव्या लागतात, आणि एवढ्याशा मांडीवर पट्टीला जागा अपुरी पडली की उष्णता तिथे साठून कातडी भाजते. मायक्रोवेव्ह पेशींतल्या पाण्याच्या रेणूंनाच घुसळते, तिला परतीची वाट लागत नाही. शिवाय ती लवकर तापते, वाहत्या रक्तालाही तितकीशी जुमानत नाही. जलदपणाचा धोका असा, की काठ चुकायलाही तेवढाच कमी वेळ लागतो.

मूल जागे होते. दोन-चार दिवस अंग कोमट राहते, किरकिर असते. जळलेल्या पेशींचा निचरा चालल्याची ती खूण. बरगड्यांमध्ये टोचल्याची एक बारीक खूण, तीही काही आठवड्यांत शोधावी लागेल अशी. रक्तातला अल्फा-फीटोप्रोटीनचा आकडा, औषधांना वा अग्नीला यश आले असेल तर, साधारण आठवड्याला निम्मा होत उतरू लागतो. आणि मग तारखा: पहिली प्रतिमा महिन्याने, पुढच्या दर दोन-तीन महिन्यांनी, त्यांत त्या वलयाची कड पुन्हा पुन्हा वाचायची. फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा खर्च निघतो, पण तारखा पाळायच्या तर माणूस जागेवर हवा. जव्हार-मोखाड्याची कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे, आणि होळीला एकदा घरी येऊन पावसाच्या तोंडाशी कायमची परततात. वावरहून परळची तारीख गाठायची तर दोन दिवस मोडतात. भिवंडीच्या भट्टीवरून मात्र सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. परळला तारीख लिहून देणाऱ्याने आईला एवढे विचारून घ्यावे, की त्या महिन्यात तुम्ही घरी असाल की भट्टीवर.